फरीदाआपा आणि माझी पांढरी बोटं

फरीदाआपा औषधाच्या चिठ्ठीआधी माणसाचे हात पाहत. मिरजोळ्याच्या रस्त्यावर त्यांचं छोटं मेडिकल होतं. चिठ्ठी पुढे केली की विचारत, "औषध कोणाला?" गिऱ्हाईक वैतागलं तरी उत्तर मिळेपर्यंत कपाटाला हात लावत नसत.

मी तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. मुंबईच्या मावसभावाला लक्ष एकाग्र होत नाही म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्यातल्या मी मागून घेतल्या आणि मनानेच खाऊ लागले. पहिले आठ दिवस वाटलं, आता पोस्ट आपलीच. मग तीन-तीन तास एकच पान रंगीत पेनांनी आखत बसू लागले. दात इतके आवळले जात की जबडा ठणके. आणि ऐन मे महिन्यात, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, हातांची बोटं मेणासारखी पांढरी पडून बधिर होत.

मी मलम मागायला गेले. आपांनी माझी बोटं धरली.

"बर्फ विकतेस काय गो?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"काय खातेस?"

"काही नाही."

"मग मलम नाही. खरं सांगेपर्यंत बस तिथे."

अर्धा तास मी बाकावर बसून होते. शेवटी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं. आपा रागावल्या नाहीत. भर सकाळी शटर ओढून मला रिक्षाने डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तिथे मी घुटमळले तेव्हा म्हणाल्या, "किती, कधीपासून, सगळं सांग. अर्धं सांगशील तर अर्धीच बरी होशील."

डॉक्टर म्हणाले, या गोळ्यांनी बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. क्वचित कोणाला होतं, पण दुर्लक्ष केलं तर जखमाही होतात. त्यांच्या सल्ल्याने गोळ्या बंद झाल्या. पुढचे काही आठवडे नुसती झोप आणि रडू. आपांनी मला रोज दुपारी दुकानात अभ्यासाला बसवलं. "वाचवत नसेल तर पुस्तक धरून बस. पण यायचं."

हळूहळू बोटं पूर्ववत झाली. परीक्षेत मात्र चार गुणांनी गेले.

"नापास झालीस ती स्वतःच्या डोक्याने," आपा म्हणाल्या. "पुढचा फॉर्म कधी सुटतो?"

त्या पुढच्या परीक्षेत माझी निवड झाली. सांगायला धावले, तर आपांचं सामान बांधून तयार. त्या दुबईला मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या. मला हुंदका आवरेना.

"रडतेस काय गो?" आपा ओरडल्या. "कामावर हजर कधी व्हायचंय, ते सांग आधी!"