माया सोडली काय?

आमच्या शेजारच्या काकू भेटल्या, की आधी तुमच्या कुर्त्याची कड उलटून बघत. नमस्कार, चहा, तब्येतीची चौकशी सगळं नंतर. आतल्या शिवणीवरून बोट फिरवत त्या विचारत, "माया सोडली काय?"

पहिल्या भेटीत त्यांनी माझीही कड धरली, तेव्हा मी दचकलेच. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला आपल्याकडे माया म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. माझा कुर्ता दुकानातला. त्यात माया औषधालाही नव्हती. "हा कुर्ता नाही बाप्पा, लिफाफा आहे," असं म्हणून त्यांनी कड सोडली. मला मनातून रागच आला होता.

काकू वर्ध्याच्या, मी साताऱ्याची. दोघींचे नवरे रेल्वेत, म्हणून जयपूर स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये आमची भिंतीला भिंत लागली. साठीला टेकलेल्या काकू रोज घरी शिवलेला स्कर्ट आणि सैलसा टॉप घालून भाजी आणायला निघत. कुणी म्हणालं, "या वयात स्कर्ट?" तर उत्तर तयार असे. "वयाचं माप कोन घेते? मी तं कमरेचं घेते."

माझी मुलगी अंगाने भरलेली आहे. मालवीय नगरमधल्या एका ऑफिसात तिला पहिली नोकरी लागली आणि आम्ही कपडे घ्यायला निघालो. तीन दुकानं झाली. तिसऱ्या दुकानातली बाई म्हणाली, "आपके साइज़ में तो नहीं आएगा जी." पोरगी घरी येऊन जी कोपऱ्यात बसली ती रडायलाच लागली. शेवटी म्हणाली, "मला नाही जायचं नोकरीला."

काकूंना भिंतीपलीकडून ऐकू गेलं असावं. त्या सरळ आत आल्या. "काऊन रडून राह्यली? अंग नाही चुकलं तुझं, दुकानाचं माप चुकलं. सोमवारी जायचं ना? मंग ऊठ."

दुसऱ्या दिवशी काकू आणि ती जाऊन निळ्या बुट्ट्यांचं सुती कापड घेऊन आल्या. ताग्यातलं उरलेलं सगळं उचललं होतं. त्यात दोन स्कर्ट बसत होते, एक तिचा आणि एक काकूंचा. काकूंनी स्वतःचा आधी शिवून दाखवला. मग मुलीच्या कापडावर खडूने रेघा मारल्या, कात्री तिच्या हातात दिली आणि "चारी बाजूनं माया सोड हं," असं बजावून त्या दूध तापवायला गेल्या.

माझी मुलगी जयपुरात वाढलेली. तिच्या मराठीत निम्मी हिंदी. हिंदीत माया छोड़ म्हणजे मोह टाकून दे. तिने तो टाकला. काकूंनी सांगितलंय म्हणून अगदी खडूच्या रेघेवरून, एक दोराही बाहेर न ठेवता कापलं. वर मलाच म्हणाली, "बघ आई, ज़रा भी माया नाही ठेवली."

शिवून झालेला स्कर्ट कमरेवर चढेना. शिवणीने दोन्ही बाजूंचं कापड खाल्लं होतं. मुलीचा चेहरा पुन्हा त्या दुकानातल्यासारखा झाला. काकूंना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की पदर नव्हता म्हणून टॉपच्या बाहीला डोळे पुसले. मग उठून स्वतःचा नवा स्कर्ट घेऊन आल्या आणि खालची कड उसवायला बसल्या.

"काकू, तुमचा कशाला?" मी म्हणाले.

"चार बोटं माया सोडली आहे मी. ती अशा वक्ताले नाही तं कवा कामी येईन?"

त्या कडेच्या दोन लांब पट्ट्या निघाल्या. त्या मुलीच्या स्कर्टला दोन्ही बाजूंनी बसल्या, पण शिवण तिनेच मारायची असा काकूंचा हट्ट. दोनदा वाकडी गेली, दोनदा उसवली. पट्ट्यांवरची जुन्या घडीची रेघ मात्र इस्त्रीनेही गेली नाही. नवी कड दुमडल्यावर काकूंचा स्कर्ट दोन बोटं आखूड झाला.

सोमवारी ऑफिसात कुणीतरी विचारलं, कुठल्या दुकानातला? मुलीने सांगितलं, "मैंने सिला है." संध्याकाळी हे ती आम्हाला सांगत होती, तेव्हा तिची मान काय ताठ होती! मला इतका अभिमान वाटला, की मी काकूंचे हातच धरले. तेव्हापासून तिने दुकानातला टॉप घेतलेला नाही.

गेल्या महिन्यात काका निवृत्त झाले आणि दोघं वर्ध्याला निघाले. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. काकूंनी नेहमीसारखी मुलीच्या टॉपची कड उलटली. आत दोन बोटं कापड होतं, चारी बाजूंनी सारखं. बराच वेळ त्या तिथेच बोट फिरवत राहिल्या. यावेळी त्यांनी काही विचारलं नाही.

डब्यात चढताना त्यांचा निळ्या बुट्ट्यांचा स्कर्ट वर सरकला. मुलगी रडत रडतच म्हणाली, "काकू, तुमचा स्कर्ट किती आखूड दिसतोय!"

"दिसू दे," दाराच्या दांडीला धरून काकू म्हणाल्या. "कोनी विचारलं तं सांगीन, माया जयपूरले राह्यली."