तपकिरी मादीवरचा वाद

राहुरीच्या पुढे, मी ज्या शाळेत शिकवायचो त्या गावाबाहेर, एक तळं होतं. हिवाळ्यात रविवारची उपासना आटोपली की मी आणि बायको एकाच सायकलवरून तिथे जायचो. लष्करातून निघालेली एकच जुनी दुर्बीण होती, तिचीही एक काच फुटलेली; आळीपाळीने बघायचं.

नर बदकं कुणीही ओळखेल. तलवार बदकाच्या नराची लांब टोकदार शेपटी लांबूनही लपत नाही. खरी भांडणं माद्यांवरून. तलवारीची मादी आणि गडवाल बदकाची मादी, दोघी मातकट तपकिरी. चोच पिसांत खुपसून झोपल्या की कोण कुठली, देव जाणे. मग आमचा नियम असा, की ती पंख उघडेपर्यंत थांबायचं. पंखावर पांढरा चौकोन दिसला तर गडवाल, नाहीतर तलवार. दगड मारून उठवायचं नाही. हरेल त्याने घरी चहा करायचा. माझा चहा अगदी पाणचट, तरी मी हरलो की हिला कोण आनंद!

दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी हात टेकले. तरी एका रविवारी "चला" म्हणाली. काठाशी एकच मादी झोपली होती.

"गडवाल," ती म्हणाली.

"छट्! तलवार. अंग बघ किती सडपातळ."

"पंख उघडू द्या की. लई घाई तुमाला."

दिवस मावळला, पण पंख काही उघडला नाही. मी चिडून दगड उचलला, तर तिने हात धरला. "ऱ्हाऊ द्या. पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी तिला उठवेना. उन्हाळ्यात मी तिला मातीआड केलं. मग पाऊस आला नाही, तळं आटलं, बदकं आली नाहीत. मला बरंच वाटलं.

पुढच्या वर्षी पाणी आलं, बदकं आली. मी एकटाच गेलो. काठाशी एक तपकिरी मादी, चोच पिसांत. ही तीच, असं मी मनाशी धरलं आणि नियम मोडला. पंख उघडायच्या आधीच मोठ्याने म्हणालो, "गडवाल. जिंकलीस तू. चहा मी करतो."

बदकाने मान बाहेर काढली, आळस दिला, एक पंख सावकाश उघडला. पांढरा चौकोन नव्हता.

म्हणजे माझंच खरं निघालं. चहा तिने करायचा होता.