मुलींची बॅच आणि शनिवारचं राज्य

कॉम्प्युटर क्लासमध्ये किस्से साठतात ते पंख्यावरच्या धुळीसारखे. रोज कोणी वर बघत नाही, आणि एक दिवस पंखा लावला की सगळं डोक्यावर पडतं. बोलक्या माणसांचे किस्से बोलण्यातच संपून जातात. माझे मात्र जसेच्या तसे राहिलेत, कारण राग आला की माझा आवाज चढत नाही, उतरतो. सासरी याला "सूनबाई लई शांत हाय" असं म्हणतात. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, पण साठा म्हणाल तर दहा वर्षांचा आहे. त्यातले हे काही.

•

सुरुवात बघण्याच्या कार्यक्रमापासून करते, कारण सगळं तिथंच ठरलं.

हे मला बघायला राजूरला आले तेव्हा माझा नगरचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा नुकताच पूर्ण झाला होता. त्याआधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोघांनीही डिप्लोम्याचा कागद हातात धरून "छान आहे" म्हटलं होतं, शेजारणीच्या भरतकामाला म्हणतात तसं. यांनी मात्र तो वाचला. मग माझ्या वडिलांना, दादांना म्हणाले, "देवळाली प्रवरेत माझा क्लास आहे. मुलींची वेगळी बॅच काढायचीय. शिकवायला बाई असेल तर आम्ही पोरी पाठवू, असं लोक म्हणतात. ती बॅच यांनी घ्यावी."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका वाक्यावर मी होकार दिला.

लग्नानंतर पाहुणे पांगले, आणि पहिल्या सोमवारी मी इस्त्रीची साडी नेसून निघाले. यांनी विचारलं, "कुठं?"

"क्लासला."

"अगं, जाशील ना! जरा रुळ आधी. मग बघू." आणि मी परत फिरले तसे मागून म्हणाले, "तयार झालीच आहेस, तर चार वाजता चहाचा थर्मास तेवढा घेऊन ये."

•

क्लासमध्ये यांचे भागीदार आहेत नवनाथ भाऊजी. स्वभावाने वाईट नाहीत. पण जगातल्या प्रत्येक गोष्टीची माहिती समोरच्याला नसणारच, असं धरून ते बोलायला लागतात.

थर्मास ठेवायला गेले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "वहिनी, ह्याला माऊस म्हणत्यात. घाबरायचं न्हाई. चावत न्हाई तो." मागची दोन पोरं हसली.

ज्या डिप्लोम्यात मी पहिल्या वर्गात पास झाले, त्याच्या पहिल्या वर्षाला भाऊजी दोनदा बसले होते आणि शेवटी बाहेरच्या बाहेर कोर्स करून मोकळे झाले होते. हे मला यांनीच लाडात येऊन सांगितलं होतं.

मी माऊस हातात घेतला. भाऊजी म्हणाले, "आता हळूहळू हलवा." मी हळूहळू हलवला.

"बघा," भाऊजी सगळ्यांना म्हणाले, "जमतंय!"

•

पुढचा किस्सा आठवला की अजून माझे कान तापतात.

एक दिवस यांनी माझं सर्टिफिकेट मागितलं. फ्रेम करायचंय म्हणाले. मला बरं वाटलं. आठवड्याने थर्मास घेऊन गेले तर ते क्लासच्या भिंतीवर, दारातून आत येताच दिसेल असं लावलेलं. बाहेर पेंटर बोर्ड रंगवत होता : 'मुलींसाठी स्वतंत्र बॅच. अनुभवी लेडीज टीचर.'

मी म्हटलं, सुरू झाली वाटतं आपली बॅच. सुरू झालीच होती, सोमवारपासून, दुपारी चार वाजता. शिकवत होते नवनाथ भाऊजी.

ज्या कंपनीच्या नावाने क्लास चालतो, तिचा माणूस पुण्याहून तपासणीला येणार होता. त्या दिवशी मला चांगली साडी नेसायला सांगितलं आणि टेबलामागच्या खुर्चीत बसवलं. हे म्हणाले, "तू फक्त बस. बोलायचं मी बघतो."

साहेब आले. भिंतीवरचं सर्टिफिकेट बघितलं, मला बघितलं, कागदावर दोन खुणा केल्या. तेवढ्यात एका मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, फाईल सेव्ह केली ती सापडत नाही." मी तोंड उघडलं. भाऊजींनी उत्तर दिलं. तेही चुकीचं.

साहेब जाताना मला म्हणाले, "तुमच्यासारख्या शिक्षिका खेड्यापाड्यांत हव्यात."

मी म्हटलं, "हो, बोर्डवर आहे ना मी."

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

•

आता गेमचं सांगते.

हे, नवनाथ भाऊजी आणि आणखी दोन मित्र असे चौघे दर शनिवारी सहा वाजता शेवटची बॅच सुटली की एक जुना राज्याचा गेम खेळतात. चौकटी-चौकटींचा नकाशा, चार राजे, एकच मशीन. आपली पाळी आली की मधल्या खुर्चीत सरकायचं, गावं वसवायची, सैन्य करायचं, दुसऱ्याची गावं घ्यायची. क्लासमधली पोरं नव्या बंदुकांच्या गेमवर गेली. हे चौघे मात्र अजून त्याच राज्यावर बसलेत.

तो गेम मी कॉलेजात खेळले होते आणि प्रत्येक वेळी हरले होते. लॅबमध्ये मशीन मुलांच्या ताब्यात असायची. आम्हा मुलींच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं यायची. दहा मिनिटांत राज्य कसं करणार? घाईघाईने सैन्य काढायचं, घाईघाईने मरायचं. गेम आपल्याला येत नाही असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

क्लासला नवं मशीन आलं आणि जुनं आमच्या घरी आलं. खताच्या पोत्यांशेजारी टेबल टाकून ते ठेवलं. मी त्यावर क्लासचे फॉर्म टाईप करावेत, असा यांचा विचार. फॉर्म अर्ध्या तासात व्हायचे. उरलेली दुपार वीज जाईपर्यंत माझी. तो गेम त्या मशीनमध्ये होताच. आता घाई नव्हती. मी आधी रस्ते केले, कोठारं बांधली, भिंती घातल्या. तरीही हरत होते, फक्त सावकाश.

सासूबाई शेजारी बसून तूर निवडायच्या. एकदा माझं नदीकाठचं गाव चौथ्यांदा गेलं, तेव्हा त्यांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. नदीजवळची जमीन पिकते, म्हणून मी गाव तिथं वसवते आणि सगळे तिथंच येऊन पडतात.

"मंग पिकतंय तिथंच येनार," त्या म्हणाल्या. "आमची जमीन बघ, कशी काळी, पाटाचं पानी. तुमच्या डोंगरात काय हाय? दगड अन् पाऊस. तिकडं कोन मरायला येतंय?"

लग्नाच्या दिवसापासून माझं माहेर या ना त्या शब्दांत काढलं जात होतं. एरवी मी खाली बघून ऐकून घेतलं असतं. त्या दिवशी मी खाली बघितलं, पण की-बोर्डकडे. पुढच्या डावाला पहिलं गाव डोंगरावर वसवलं.

गाव लवकर वाढेना. पण शत्रू आले, चढले, मेले. पुन्हा आले, पुन्हा मेले. डोंगरावरच्या शिपायाला हा गेम दुप्पट बळ देतो. पडद्यावर ते कुठंच लिहिलेलं नाही. त्यांची सैन्यं संपली की मी खाली उतरायचे आणि नदीकाठची तयार गावं घ्यायचे. महिनाभरात मशीनच्या सगळ्यात अवघड पातळीवरसुद्धा मी जिंकायला लागले.

सासूबाईंना सांगितलं, "आई, जिंकले."

"व्हय का," त्या म्हणाल्या. "मंग आता कनीक मळ."

•

चौघांतले विलास भाऊजी साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतात. गाळप सुरू झालं, त्यांची पाळी बदलली आणि शनिवारची एक खुर्ची रिकामी झाली. चौघांशिवाय नकाशा भरत नाही. मी थर्मास घेऊन उभी होते.

तिसरे मित्र किशोर भाऊजी म्हणाले, "वहिनींना बसवू की."

नवनाथ भाऊजी म्हणाले, "बसा वहिनी. काय करायचं न्हाई, पाळी आली की एंटर दाबायचं. आम्ही सांभाळून घेऊ."

मी बसले. पहिलं गाव डोंगरावर वसवलं. तिघं हसले. हे म्हणाले, "माहेर सुटत नाही अजून."

मग ते आपापसांत लढत बसले. माझ्याकडे कोणी बघेचना. पावणेआठला नवनाथ भाऊजींचं राज्य संपलं, आठला किशोर भाऊजींचं. हे उरले होते, पण यांच्याकडे दोन गावं आणि माझ्याकडे अकरा. हे म्हणाले, "चला, जेवायची वेळ झाली," आणि मशीन बंद केलं.

किशोर भाऊजींनी तेवढ्यात एक जुना नियम आठवून दिला : ज्याचं राज्य आधी बुडेल त्याने चहा करायचा. माझं लग्न झालं, थर्मास येऊ लागला आणि नियम विसरला गेला. त्या दिवशी थर्मास कधीच रिकामा झाला होता, म्हणून नवनाथ भाऊजी मागच्या खोलीत स्टोव्हशी झगडायला गेले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "वहिनी, पावडर किती टाकायची?"

"घाबरायचं नाही भाऊजी," मी म्हटलं. "अंदाजाने टाका."

•

पुढच्या शनिवारी मी पुन्हा जिंकले. नवनाथ भाऊजी म्हणाले, की-बोर्ड अडकत होता. त्याच्या पुढच्या शनिवारी जिंकले तेव्हा म्हणाले, बायामाणसांशी मोकळेपणी लढता येत नाही. त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी मला न सांगता गेमची पातळी अवघड करून ठेवली आणि त्यात स्वतःच आधी बुडाले.

एव्हाना मुलींच्या बॅचमध्येही कळलं होतं. भाऊजी शिकवत असताना एका मुलीने त्यांना विचारलं, बोर्डावरच्या टीचर कधी येणार? भाऊजींनी तिला सांगितलं, त्या ऑफिसचं काम बघतात.

त्या दिवशी मी यांना सरळ विचारलं, "माझी बॅच कधी?"

हे म्हणाले, "बघू. नवनाथला वाईट वाटेल."

म्हणजे मला काय वाटतं तो प्रश्नच नव्हता.

•

शेवटचा गेल्या शनिवारचा.

त्या दिवशी नवनाथ भाऊजींचं राज्य साडेसहालाच बुडालं. किशोर भाऊजींनी सातला हात टेकले. दोघंही उठून गेले नाहीत. खुर्च्या ओढून मागे बसले. यांचं एकच गाव उरलं होतं, नदीकाठी, भिंत नसलेलं. माझं सैन्य शेजारच्या चौकटीत उभं होतं आणि पाळी माझी होती.

यांनी घड्याळ बघितलं. मी म्हटलं, "आज जेवण उशिराच आहे. आईंना सांगून आलेय."

मागे कोणीतरी खोकलं. हे आधी हसले, मग खुर्चीत पुढे सरकून हळू आवाजात म्हणाले, "हे गाव सोड. ही दोघं गावभर करतील. मुलींची बॅच तुला देतो."

जी बॅच सांगून मला या घरात आणलं, ती आता आठ चौकटींच्या गावाच्या बदल्यात मिळत होती. मी पडद्याकडेच बघत राहिले. म्हटलं, "लिहून द्या."

यांना वाटलं मी थट्टा करतेय. पण किशोर भाऊजी तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे दस्त आणि अर्ज लिहितात. लिहायचं म्हटल्यावर त्यांचा हात थांबत नाही. त्यांनी प्रवेशफॉर्मची मागची बाजू घेतली, पेन काढलं आणि मोठ्याने वाचत लिहायला लागले.

"लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना कारणे लिहून देतो की, मौजे देवळाली प्रवरा येथील कॉम्प्युटर क्लासमधील मुलींची दुपारी चारची बॅच आजरोजी लिहून घेणार यांचे ताब्यात दिली असून, तीवर माझा अगर माझ्या भागीदाराचा कसलाही हक्क राहिलेला नाही. त्यास कोणी हरकत घेतल्यास तिचे निवारण मी स्वखर्चाने करीन."

नवनाथ भाऊजी म्हणाले, "भागीदाराचं कशाला घातलं?"

"घालावं लागतं," किशोर भाऊजी म्हणाले. "कर सही. साक्षीदार म्हणून."

यांनी सही केली. नवनाथ भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं आणि तेही सही करून मोकळे झाले. किशोर भाऊजींनी कागद माझ्यासमोर ठेवला.

मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"तारीख राहिली," मी म्हटलं.

यांनी तारीख घातली. मी कागदाची चौघडी करून पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली, खुर्ची पुढे ओढली, सैन्य यांच्या गावावर वळवलं आणि एंटर दाबलं.