कशानं भाग जातो?

आईच्या एक्सरेच्या पाकिटावर बाबा तीन दिवस एकच संख्या भागत बसलेत. शंभराहून जास्त आकड्यांची संख्या. आत आई निजलेली आणि बाहेर बाकावर हे चाळे! माझं डोकंच फिरलं.

"बाबा, पुरे आता."

"ही मूळ संख्या नाही, हे सिद्ध झालंय," ते वर्गात शिकवायचे त्याच आवाजात म्हणाले. "हिला कशानं तरी भाग जातोच. कशानं, ते अजून कुणाला सापडलेलं नाही."

भाग जातो एवढंच कळावं आणि कशानं ते कळू नये, असंही ज्ञान जगात असतं. त्याचा काडीचा उपयोग नसतो. सकाळी डॉक्टर तरी दुसरं काय म्हणाले? काहीतरी बिघडलंय नक्की, पण एकाही तपासणीत सापडत नाही. आणि आई रोज एकेक घास कमी खातेय.

"लहान संख्या करून झाल्या," बाबा म्हणाले. "आता मोठ्या."

"आणि नाहीच सापडलं तर?"

पेन्सिल थांबली. त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं. "पुढचं तू कर. एकशे एक."

एकशे एकनं भाग गेला नाही. एकशे तीननंही नाही.