दोनदा हॉर्न

माझ्या लेकीला, रेवाला, औरंगपुऱ्यातल्या शाळेत नेणारे रिक्षावाले चाचा कमी बोलायचे. प्रत्येक दारी हॉर्न दोनदाच. लेकरू चढलं की मागं न बघता विचारायचे, "बसलं का?" आतली पोरं "बसलं" म्हणाली की मगच रिक्षा हलायची.

आमच्या समोरचे लोक याच रिक्षानं जाणाऱ्या मुलीला घेऊन परदेशी गेले, त्याला दोन वर्षं झाली. त्या कुलूप लावलेल्या दारापुढंही चाचा रोज हॉर्न वाजवून थांबत. पोरं सरकून जागा करत. मला वाटायचं, सवय असेल.

मग आमचंही कॅनडाचं ठरलं. तिथल्या दोन प्राथमिक शाळांमध्ये माझं मन अडकलं होतं. एकीचं मैदान मोठं, दुसरी घराजवळ. एका सकाळी चाचांनाच विचारलं. त्यांनी मोबाईलवरचे फोटो पाहिलेसुद्धा नाहीत.

"कोणती बी घ्या, ताई. पयल्या दिवशी गेटवर तिला नावानं हाक मारणारं कुणी हाय का, तेवढं पाहा. नायतर लेकरू समदं पोचत नाय. थोडं इथंच राहतंय."

मी हसले. पण त्याच दुपारी दोन्ही शाळांना तसं लिहून विचारलं. उत्तर आलं नाही. शेवटी मैदानवाली घेतली.

दाखला काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात दोनदा हॉर्न वाजला. मी आणि रेवा खिडकीत उभ्या होतो. रिक्षातली पोरं सरकली.

"बसलं का?"

"बसलं."

रिक्षा वळेपर्यंत मी रेवाचा हात सोडला नाही.