सालीसकट संत्रं

कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या एका होडीवर मी कामाला आहे. दोर बांधायचा, लोकांना हात देऊन चढवायचं, त्यांना जॅकेट घालायला लावायचं. मध्य प्रदेशातल्या सौंसरकडचा, आठवीत शाळा सोडलेला माणूस समुद्रावर कसा पोचला हे मलाही नीट सांगता येत नाही. पण मालकाने ठेवून घेतलं, जेवू घातलं, काम शिकवलं. मग दिवाळीआधी त्याने फर्मान काढलं. सुट्टीवरून आल्यावर प्रत्येकाने जॅकेट काढून पाण्यावर उताणं पडून दाखवायचं. ज्याला जमणार नाही, त्याचं होडीवर काम नाही.

मला पोहता येत नव्हतं. सुट्टीला गावी निघालो, पांढुर्ण्याला गाडीतून उतरेपर्यंत डोक्यात तेवढंच होतं.

बोरगावजवळ आमचा लहानसा संत्र्याचा बगीचा आहे. घरी पोचलो तेव्हा बाबा अंगणात बादली घेऊन जंबेरीच्या बिया निवडत बसले होते. जंबेरी हे जाड सालीचं आंबट लिंबू. त्याच्या रोपावर संत्र्याचं कलम करतात. बिया पाण्यात टाकायच्या. तळाशी बसतात त्या भरलेल्या, वर येतात त्या पोचट. पोचट ओंजळीने काढून उकिरड्यावर टाकायच्या. लहानपणापासून हेच पाहत आलो.

मी मालकाची अट सांगितली. बाबांचा हात बादलीतच थांबला.

"म्हंजे तरंगला तो ठेवते अन् बुडला तो फेकते? उलटंच हाय बाप्पा तुह्या मालकाचं!"

आई चुलीपासून ओरडली, "त्याले सांग, आमचं पोट्टं भरलेलं हाय, बुडनच!"

सगळे हसले. मीही हसलो, पण जेवण काही नीट गेलं नाही. ते दहावीतल्या माझ्या बहिणीने बरोबर पाहिलं. सकाळी म्हणाली, "चाल दादा, टाक्यावर."

बगीच्यातलं सिमेंटचं टाकं छातीएवढं खोल. आईही मागोमाग आली. येताना म्हशीचं दावं घेऊन आली, माझ्या कमरेला बांधलं आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला.

"आई, पाणी छातीवर हाय फक्त."

"छातीवर हाय म्हनूनच बांधून राहिली."

मी मनाशी एक हिशेब केला होता. तरंगायचं तर पोचट बीसारखं रिकामं व्हायला पाहिजे. म्हणून सकाळची भाकर खाल्ली नव्हती. पाण्यात उताणा झालो, अंग काठीसारखं ताठ केलं, छातीतला सगळा श्वास सोडून दिला आणि सरळ तळाशी गेलो. दाव्याला असा झटका बसला की आईच पाण्यात पडता पडता राहिली.

बहीण हसून हसून खाली बसली. मग झाडाची दोन संत्री तोडून आणली. एक तसंच पाण्यात टाकलं, ते डुलत वर राहिलं. दुसरं सोलून टाकलं, ते बुडालं.

"साल काढली तं वजन कमीच झालं नं? मंग बुडलं कायले?"

आई म्हणाली, "परीक्षा घेऊन राहिली का आमची? सांग न लवकर."

बहिणीने साल हातात घेऊन दाबली. आतला पांढरा भाग स्पंजासारखा दबला. "याच्यात हवा हाय. वजन थोडं, पन जागा मोठी घेते. जेवढी जागा घेतली तेवढं पानी बाजूले सरकते, अन् त्या सरकलेल्या पान्याच्या वजनाएवढं पानी वर ढकलते. तू हवा सोडून देल्ली, म्हंजे साल सोलून पान्यात उतरला. पोचट बी रिकामी नसते दादा, हवेनं भरलेली असते."

एवढं सगळं तिला येतं, आणि माझी बहीण आहे, या आनंदात मी थोडा वेळ पाण्यातच उभा राहिलो. मग छाती भरून श्वास घेतला, मान मागे टाकली, अंग सैल सोडलं. पाय जरा खाली गेले. छाती वर राहिली. कान पाण्यात बुडाले आणि आईचं ओरडणं दूर कुठेतरी गेलं. वर संत्र्याच्या फांद्या, त्यांच्या मधून आभाळ. श्वास घेतला की अंग वर येई, सोडला की थोडं खाली. तोंडावर पाणी यायच्या आत पुन्हा घ्यायचा, बस.

बाबा बादली घेऊन आले, म्हणाले, "आला वर! आता याले उकिरड्यावर टाकू का?"

सुट्टीभर मी रोज टाक्यात होतो. भाकर खाऊन.

परीक्षेच्या दिवशी समुद्रात उतरलो तर टाक्यापेक्षाही सोपं गेलं. खारं पाणी जड असतं, जास्त उचलतं, हे बहिणीने आधीच सांगून ठेवलं होतं. छाती भरली आणि पडून राहिलो. किती वेळ, माहीत नाही. शेवटी कोणीतरी वल्ह्याच्या टोकाने खांद्याला ढोसलं. मालक होडीतून वाकला होता.

"अरे, झाला! उठ आता! कधीपासून हाका मारतंय!"

कानात पाणी होतं, मी काही ऐकलंच नव्हतं. त्याच ओल्या हातांनी घरी फोन लावला. होडीवर राहिलो म्हणून सांगितलं. तिकडे बहिणीची किंकाळी, बाबांचं हसणं. आईने फोन ओढून घेतला.

"दोर कोनं धरला होता?"

"कोनीच नाही."

मग म्हणाली, "बरं. पन कामाच्या वक्ती जॅकेट घालत जा बाप्पा."

घालतो.