उटण्याचा डबा आणि आईची पाठ

कलकत्त्यात मार्च ते ऑक्टोबर बाईचं वय कळत नाही. सगळ्याच घामाने चकाकत असतात. पंचविशीतली काय आणि पन्नाशीतली काय, दोघींची पावडर गळ्यापर्यंत ओघळलेली. नवऱ्याच्या बँकेने आम्हाला बेहाला नावाच्या इथल्या उपनगरात आणून टाकलं त्याला एकवीस वर्षं झाली, आणि माझ्या चेहऱ्यापुरती मी या दमट हवेची आभारी आहे. पंचाईत होते ती डिसेंबरात. हवा कोरडी पडते आणि आठ महिने झाकलेलं सगळं आठ दिवसांत वर येतं.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं ठरवायला आम्ही मराठी बायका जमलो आणि दोन तास नुसत्या क्रीमवर बोललो. न्यू टाउनमध्ये नोकरी करणारी एक जण म्हणाली, ती रोज झोपताना चेहऱ्यावर सात थर देते. आमच्या घराच्या भिंतींना दोनच दिलेत. मी तिची मनसोक्त टिंगल केली आणि घरी येऊन सातही बाटल्या मागवल्या.

त्याच आठवड्यात नाशिकहून आई आली. वय एकोणऐंशी. बाबा गेल्यापासून ती कुणाकडे राहायला जातच नव्हती; मी वर्षभर मागे लागले तेव्हा कुठे संक्रांतीपर्यंत राहायचं कबूल केलं होतं. मला तर तिला कायमचंच ठेवून घ्यायचं होतं, पण ते मी अजून बोलले नव्हते.

चौथ्या दिवसापासून ती खाजवायला लागली. आधी पाय, मग दंड, मग पाठ. माझं निदान तयारच होतं. रस्त्यावरची धूळ आणि हिची दोन तांब्यांची आंघोळ, दुसरं काय. मी उटण्याचा डबा काढला. दिवाळीला मी माहेराहून किलोभर आणते आणि ते वर्षभर पुरतं. रोज सकाळी कढत पाणी, आईला पाटावर बसवायचं आणि मुलतानी माती, संत्र्याची साल, कपूरकाचरी असलेल्या त्या उटण्याने पाठ खसाखसा घासायची; हात-दंड ती पंचात गुंडाळून घ्यायची. परक्या गावात आईला दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा मान रोज मिळतोय, याचं मला कोण कौतुक. घासून झालं की मी आरशासमोर जाऊन स्वतःच्या गालांना बोटाच्या टोकाने क्रीम लावायची, वरच्या दिशेने, हळुवार.

दहाव्या दिवशी आई म्हणाली, "माझं परतीचं तिकीट बघ."

मला भयंकर राग आला. लेकीकडे पंधरा दिवस राहवत नाही म्हणजे काय? मी दिवसभर भांडी आपटली. तिने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला "तुला काय करायचंय, तू चाललीसच ना" असं उत्तर दिलं. मी तशी वाईट आहेच.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बंगाली बाईंनी मला गच्चीवर बोलावलं. निवृत्त शिक्षिका, आवाजही तसाच. आई उन्हात बसली होती आणि बाईंनी तिच्या स्वेटरची बाही खांद्यापर्यंत वर केली होती. दंडावर नखांचे ओरखडे, काहींवर सुकलेलं रक्त. आईने इतके दिवस पूर्ण बाह्यांचा स्वेटर का घातला होता, ते मला तेव्हा कळलं. बाईंनी हिंदीत विचारलं, काय लावता यांना? मी उटण्याचं सांगितलं, थोडं अभिमानानेच. त्या म्हणाल्या, "या थंडीत? या वयात? आणि तुमच्या चेहऱ्याला काय लावता?"

 एरवी मला गप्प बसवणारं माणूस अजून जन्माला यायचंय असं माझा नवरा म्हणतो; त्या दिवशी मी खाली येऊन थेट डॉक्टरची वेळ घेतली.

त्वचेच्या डॉक्टरने दोन मिनिटांत सांगून टाकलं. म्हाताऱ्या कातडीत तेल मुळातच उरत नाही, हिवाळा उरलंसुरलं घेतो, बाकीचं गरम पाण्याने आणि तुम्ही केलंत. कोमट पाणी, घासायचं काही नाही, अंग ओलं असतानाच साधं मलम. त्याने लिहून दिलेली ट्यूब माझ्या सातांतल्या सगळ्यात छोट्या बाटलीपेक्षाही स्वस्त होती.

त्या दिवशी पहिल्यांदा मी आईच्या पाठीवर मलम लावलं. कातडी इतकी पातळ होती की हात टेकवायला भीती वाटत होती. मला रडू फुटलं. "इतकं झोंबत होतं तर बोलली का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने बोलू?" आई म्हणाली. "लहानपणी दिवाळीला तू भोकाड पसरायचीस, झोंबतंय झोंबतंय म्हणून. मी एकदा तरी थांबले होते का?"

मी पाठीवरून हात फिरवत राहिले. मग विचारलं, "तिकीट काढू?"

"आधी तो डबा टाकून ये," आई म्हणाली.